तिच्या नावानं सोडलेला मका

आमच्याकडं माणूस गेलं की तेराव्याच्या जेवणाला बसायच्या आधी घरच्यांनी खायची एक वस्तू सोडायची. गेलेल्या माणसाला आवडणारी. वर्षभर ती तोंडात घालायची नाही. वर्षश्राद्धाला तीच वस्तू त्याच्या पानावर ठेवायची, मग आपण खायची, म्हणजे सुटलो. हे कुठल्या पोथीत लिहिलंय का, मला ठाऊक नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढं बैलांच्या मागं गेलो. पण माझ्या बापानं त्याच्या आईच्या नावानं फणस सोडला होता, एवढं मला आठवतं. त्या वर्षी दारचा फणस असा लागला की खोडाला जागा उरली नाही. बाप नाकाला धोतराचा सोगा लावून अंगणातनं जायचा. पण गरा खाल्ला नाही.

बायको गेली तेव्हा मी मका सोडला.

पंगत बसली होती. पानं वाढून झाली होती. माझा मेहुणा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, सगळ्यांना विचारत होता. त्याच्या मुलानं, तिच्या भाच्यानं, पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मी कारलं सोडलं."

"कारलं?" मेहुणा बोलला. "अरे, कारलं बघून तू घरातनं पळतोस! आत्या वर हसंल तुला."

"बरं, मग दोडका."

"दोडका पण नाय. खरं बोल."

पोरगा खाली बघून बोलला, "बोंबील."

"हां. आता दुखलं."

सगळे हसले. तेराव्याला हसू येतं माणसाला, रडून रडून पोट रिकामं झालेलं असतं. मग मेहुणा माझ्याकडं वळला. "दाजी, तुमी? भात थंड होतोय."

मी बसलो होतो तिथून मागचं दार दिसत होतं. दारामागं परस, आणि परसाच्या कुडाला लागून तिनं लावलेला मका. आमचा गावठी मका, पांढरा, कणीस हातभर पण नाही. दर पावसाळ्याला ती काकडी, शिराळी आणि मका कुडाला लावायची. पहिलं कणीस चुलीत भाजून स्वतः खायची, मग घरात वाटायची. बाकी सगळ्यात ती शेवटी जेवायची, पण पहिल्या कणसात मागं हटली नाही कधी. शेवटी अंथरुणावर पडून होती तेव्हा रोज विचारायची, "भरली का ओ कणसं?" मी जाऊन नखानं दाणा दाबून बघायचो. दूध निघायचं. "अजून कवळा हाय, थांब थोडी," असं मी बोलायचो. ती थांबली नाही. श्रावण सरता सरता गेली आणि कणसं मागं भरली.

"मका," मी बोललो. "वर्षभर मक्याचा दाणा तोंडात घालणार नाय."

"सोप्पं घेतलंत दाजी," मेहुणा बोलला. "मका काय बारा महिने असतो? पावसाळा संपला की झालं तुमचं."

मला पण तसंच वाटलं होतं. पण तिच्या पानासमोर शब्द दिला होता. आयुष्यात तिला दिलेले लय शब्द मी हवेत सोडले, सगळ्या नवऱ्यांसारखे. हा एक पाळायचा ठरवला. एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

तिला साखरेचा आजार होता. शहापुरात ज्या डॉक्टरकडं आमी जायचो, त्यानं पहिल्याच वेळी सांगितलं, "भात कमी करा, साखर बंद करा, नाचणी-वरीची भाकर खा." माणूस चांगला होता, हळू बोलायचा. पण माझी बायको ऐकताना दोनच गोष्टी ऐकायची, चालतं आणि चालत नाही. 'कमी' हा शब्द तिच्या डोक्यात बसत नव्हता. घरी येऊन बोलली, "भात बंद."

भाताच्या घरातली बाई. बापाकडं भात, माझ्याकडं भात, जन्मभर चिखलात वाकून लावणी केली. तिनं त्या दिवसापासून भाताला हात लावला नाही. आमच्यासाठी शिजवायची, वाढायची आणि आमी जेवत असताना ओट्यावर जाऊन बसायची. वास पण नको बोलायची.

आणि नाचणी कुठं होती? आमच्या लहानपणी वरकसावर, वरच्या उतारावर, नाचणी-वरी व्हायची. आता वर कोणी चढत नाही. माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर रानडुकरं ठेवत नाहीत. घरात जात्यावर चिंध्या पडलेल्या. मग भाताच्या जागी खायचं काय?

माझा मुलगा मुरबाडकडं एका बिस्किटाच्या कारखान्यात आहे. पीठ मळायच्या खात्यात. किन्हवलीवरनं, पुढं सरळगाववरनं, मोटारसायकलनं जातो, पाळी असेल तशी. तिथं फुटलेली बिस्किटं कामगारांना स्वस्तात मिळतात, त्याला ते तुकडा बोलतात. साध्या पिशवीत भरून आणायचा. आईचा आजार कळल्यावर त्यानं तिच्यासाठी वेगळा तुकडा आणायला सुरुवात केली.

"आय, हे कमी साखरेचं हाय. शुगरवाल्यांसाठीच बनवतात."

"खरं रे?"

"मी स्वतः बनवतो ना. वेगळी लाइन हाय."

ती बिनसाखरेच्या चहात तुकडा बुडवायची आणि डोळे मिटून खायची. माझ्याकडं बघून बोलायची, "बघा, माझा पोर माझ्यासाठी बनवतो. तुमी काय बनवलंत कधी?"

"तुझं पोर बनवलं ना," मी बोललो की तोंडाला पदर लावायची.

सकाळी तुकडा, दुपारी तुकडा. मुलानं डब्यातले मक्याचे पोहे आणले, दुधात टाकून खायचे. त्यावर बारीक बाईचं चित्र होतं. ती बोलली, "मका हाय तर माझाच हाय." उपवास ती सोडायची नाही, श्रावणी सोमवार तर नाहीच. उपवासाला धान्य चालत नाही. मग चक्कर यायला लागली की ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून प्यायची. मी एकदा बोललो, गोड लागतं गो हे. तर बोलली, "साखर कुठं हाय ती? दुकानदार बोलला ग्लुकोज हाय, ताकद येते." आमच्या सगळ्या गावात असंच समजतात. साखर वेगळी, ग्लुकोज वेगळं. आजारी माणसाला भेटायला जाताना अजून पण डबा घेऊन जातात.

साखर काय उतरेना. डॉक्टर कागद बघून विचारायचा, "मावशी, काय खाता?"

"काय नाय खात डॉक्टर. भात तर शिवत नाय."

"गोड?"

"शपथ घेऊन सांगते."

डॉक्टर माझ्याकडं बघायचा. त्याला वाटायचं म्हातारी खोटं बोलते. मी पण मान हलवायचो, नाय खात डॉक्टर. मग तो गोळ्या वाढवायचा. ती बाई खोटं बोलत नव्हती. एवढं सोडून पण आपल्यावर विश्वास नाही, याचा तिला राग यायचा. बसमध्ये माझ्याशी बोलायची नाही, जसं काय मीच डॉक्टर होतो.

मग बांधावर पायाला फसकूट लागलं. लाकडाची साधी काडी. जखम भरली नाही. अंगठा काळा झाला, अंगठा काढला. मग अख्खं पाऊल काढलं. मग मूत्रपिंडं गेली. हे मी तीन ओळीत लिहिलं, पण असं तीन ओळीत झालं नाही. ते सगळं लिहायला मला बसवत नाही. कापलेल्या पायाचा तळवा खाजतो असं ती बोलायची आणि मी रिकाम्या चादरीवर खाजवायचो, हे एवढं लिहितो आणि पुढं जातो.

तर मका सोडला. पावसाळा संपला. मेहुणा बोलला तसं माझं सोपं चाललं होतं. परसातली कणसं मी वाळू दिली, सोलून, पानं वेणीसारखी वळून आत नेली. ती दरवर्षी बियाण्याची कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगायची, तिथंच टांगली. पुढच्या वर्षी श्राद्धाला तिच्याच मक्याचं कणीस तिच्या पानावर ठेवायचं, असं मनात होतं.

दिवाळीत सुनेनं फराळाचं ताट पुढं ठेवलं. चिवड्यात मक्याचे पोहे होते. मी ताट मागं सारलं.

"यात मका हाय."

"अगोबाई, विसरले बाबा," सून बोलली. ती बारावी शिकलेली आहे, बोलायला फटकळ, पण माझं करते. तिनं चिवडा उचलला आणि चहा ठेवला, सोबत तुकडा. मी तुकडा बुडवला. मुलगा समोर बसला होता. तो हसला.

"काय झालं रे?"

"काय नाय. चिवडा नको बोलता आणि बिस्किट खाता."

"बिस्किट गव्हाचं."

"गव्हाचं हाय, पण नुसतं गव्हाचं नाय. आमी त्यात मक्याचं पीठ टाकतो, पांढरं, मऊ, पिठीसाखरेसारखं. आणि पाक असतो ना, डिंकासारखा जाड, कॅनमधनं ओततो, तो काय उसाचा नाय. मक्याचाच. पोत्यावर, कॅनवर, सगळ्यावर कणसाचं चित्र असतं."

माझा हात तसाच राहिला. तुकड्याचा भिजलेला भाग चहात पडला.

"तेराव्यापासनं मी खातोय," मी बोललो.

"आवो, ते धरत नाय कोण. दाणा कुठं खाल्लात तुमी?"

"आणि शुगरवालं?"

मी सहज विचारलं. माझ्या डोक्यात माझा शब्द होता, बाकी काही नव्हतं. पण मुलाचं हसू गेलं.

"त्यात साखर कमी असते," तो हळू बोलला. "मग वजन भरायला दुसरी पावडर पडते. गोड लागत नाय जास्त."

"ती कसली?"

"मक्याचीच."

"मग ती अंगात जाऊन काय होते?"

सून गॅसकडं उभी होती, ती बोलली, "साखरच होते, बाबा. वर मोठ्या अक्षरात साखर कमी लिवतात, खाली बारीक अक्षरात ही पावडर लिवतात. मी पण आजच विचार करते." मग तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"मला काय ठाऊक, बाबा," मुलगा बोलला. "पोतं देतात, मी ओततो."

तो उठून मोटारसायकल पुसायला गेला. पुसलेलीच होती. त्या दिवसापासून घरात तुकडा यायचा बंद झाला आणि त्यावर आमी दोघं कधी बोललो नाही. जेवताना आमच्या मधे ते वाक्य बसलेलं असायचं, पोतं देतात, मी ओततो. माझ्या ओठावर दुसरं वाक्य यायचं. ते मी भाताबरोबर गिळायचो. एकदा बाहेर पडलं तर परत घेता येणार नाही, हे मला कळत होतं.

मग मी शोधायलाच लागलो. माझा एक हट्ट असतो, तिला लय राग यायचा त्याचा. सुनेला घरातलं एकेक पाकीट वाचायला लावलं. टोस्ट. सूपची पुडी. लाल सॉस. कस्टर्डची पावडर. सून वाचायची आणि बाजूला ठेवायची. बाजूला ठेवलेला ढीग मोठा झाला आणि फडताळात मीठ, हळद, डाळी, तेवढं राहिलं.

"बाबा, नातवंडांनी काय खायचं मग?"

"तुमी खा. सोडलंय मी."

"तुमी असं वाचून घेतल्यावर घशाखाली उतरंल काय आमच्या?"

फरसाणवाल्याला विचारलं, शेव बेसनाची ना? तो बोलला, "बेसनाचीच, आजोबा. थोडं मक्याचं पीठ, कुरकुरीत व्हायला." लग्नाला गेलो तर कोबीचे तळलेले गोळे, मक्याच्या पिठात घोळलेले. मी दहीभात मागितला. यजमानाला वाटलं मी रुसलोय, तो दोनदा पाया पडला.

मेहुणा आला तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"मग दाजी, कोंबडी?"

"कोंबडीचं काय?"

"ती पोल्ट्रीची काय खाते? मक्याचा भरडाच. शेडवर पोती उतरवलीत ना तुमी पण? कशी फुगते बघितलंय ना? आपल्याच पायावर उभी राहत नाय."

मी शेडवर काम केलं होतं हे खरं. कोंबड्यांना भरडा टाकायचो. अंगावर पिसं धड यायच्या आधी छातीत मांस भरायचं आणि पाय वाकायचे. त्या चालायच्या नाहीत, खात बसायच्या. ते आठवलं आणि मला चादरीखालचा पाय दिसला. मी मेहुण्याला बोललो, "पुरे आता."

"बरं, पुरे. पण तुमचं वर्ष कधी धरायचं मग? दिवाळीपर्यंत तर मोडलेलंच."

"दिवाळीपासनं नवं धरीन."

"आणि तिचं वर्षश्राद्ध? ते पण दिवाळीपर्यंत ढकलता? तिला वर ताटकळत ठेवता? जिवंत होती तेव्हा एसटी स्टँडवर ठेवायचात, ते काय कमी झालं?"

त्याचं बरोबर होतं. तिथी तिची होती, माझी नव्हती. तिथीला काय असेल ते होईल, असं मी ठरवलं. तोवर जमेल तेवढा पाळायचा.

मी भात खायचो, थोडा. डाळ, पालेभाजी, सुकट. आठवड्याच्या बाजाराला डोंगराकडच्या बायका नाचणी घेऊन बसतात, ती आणली. सुनेला भाकर थापायची सवय नव्हती. पहिल्या भाकऱ्यांचे नकाशे झाले. पण खाल्ल्या. जातं पुसून काढलं. आजार मला पण होता, तिच्याइतका नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला शहापूरला गेलो, रक्त दिलं. डॉक्टरनं कागद बघितला, मग मला बघितलं.

"बाबा, काय केलंत? साखर चांगली उतरलीय."

मी सांगितलं. सोडल्याचं, पाकिटांचं, सगळं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"मक्याचा दोष नाही हो. पावसाळ्यात भाजलेलं कणीस एखादं खाल्लं म्हणून कोणी मरत नाही. तोच मका कारखान्यात जाऊन त्याचं पांढरं पीठ होतं, पाक होतो, पावडर होते, आणि ती अंगात गेली की लगेच साखर. त्यात मैदा, तेल. सगळ्यात थोडं थोडं, म्हणून कळत नाही. तुम्ही मका सोडायला गेलात आणि पाकीटच सुटलं. शिवाय चालत बाजारात जाता. सगळ्याचं मिळून आहे हे."

मी विचारलं, "माझी बायको हे दिवसभर खायची डॉक्टर. भात सोडून."

तो पेन बंद करून उघडत राहिला. "त्यांचं कळलंच उशिरा होतं, बाबा. नुसत्या खाण्यानं झालं असं मी म्हणणार नाही."

झालं नाही असं पण तो बोलला नाही.

बाहेर येऊन स्टँडवर बसलो. किन्हवलीची गाडी लागली, भरली, गेली. मी उठलो नाही. लोक देवाला सांगतात, मला बरं कर. मी बरा झालो आणि मला त्याचा राग आला. तिच्या नावानं जे सोडलं त्यानं मी बरा झालो. तिनं सोडलं असतं तर? तिनं तर सोडलंच होतं, मनापासून, माझ्यापेक्षा दहा पट कडक. फक्त चुकीची वस्तू सोडली होती. ताटातला भात सोडला, आणि जे आम्हाला दिसतच नव्हतं ते खात राहिली.

घरी गेल्यावर माझ्या साखरेच्या आणि दाबाच्या गोळ्यांचं पाकीट सुनेला वाचायला दिलं. ती नको बोलली. मी हट्ट केला. तिनं दुकानदाराला फोनवर विचारलं. तो बोलला, औषध असतं चिमूटभर, गोळी बांधायला बाकीचं पीठ, बहुतेक मक्याचं. मी गोळ्या बंद केल्या. कोणाला सांगितलं नाही. डोकं जड व्हायला लागलं, मानेमागं ठोके. सुनेनं पाकीट मोजलं नाही, माझं तोंड बघूनच ओळखलं. गोळी तळहातावर ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"गिळा."

"त्यात मका हाय गो."

"आय गेल्या. आता तुमचं पान पण मीच मांडू काय? मग तुमच्या नावानं मी काय सोडू, गोळ्या?"

मी गिळली. तिथं माझा शब्द मी डोळे उघडे ठेवून मोडला. तेव्हापासनं रोज मोडत आलो, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

मग उरली ती कणसं. मृगाच्या आधी परस साफ केलं, खड्डे केले आणि आढ्याला टांगलेली वेणी खाली उतरवली. हातात हलकी लागली. कणीस दाबलं तर दाणे पिठासारखे भसकन खाली पडले, आतनं किडे निघाले. एकेक कणीस तसंच. चूल आता घरात कोण पेटवत नाही, गॅस आहे, चूल बाहेर पाणी तापवायला. तिच्या वेळी वर्षभर धूर लागायचा कणसांना, काळी व्हायची ती, म्हणून टिकायची. मी जागा तीच ठेवली आणि धूर नव्हता हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गावात विचारून आलो. पांढरा मका कोणाकडं नव्हता. सगळे पुडीतलं बी आणतात, पिवळं. परसात त्या वर्षी काकडी लावली, मक्याची जागा तशीच ठेवली.

वर्षश्राद्ध आलं. भाऊबंद जमले. परस मागच्या दारातनं दिसत होतं, कुड मोकळा. मुलानं मुरबाडवरनं कणसं आणली होती, लांब, पिवळी, एकसारखी, कोणी साच्यात घातल्यासारखी. सुनेनं उकडली. मेहुण्यानं त्यातलं एक उचलून तिच्या पानावर ठेवलं, भात, वडे, भाजी याच्या बाजूला.

"हं दाजी. झालं तुमचं. अजून कोणाला तिच्या आवडीचं काय ठेवायचं असंल तर ठेवा."

मुलगा आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात साधी पिशवी होती. मी पिशवी ओळखली. दिवाळीनंतर पहिल्यांदा ती घरात आली होती. तो खाली बसला, माझ्याकडं बघितलं नाही, आणि त्यानं पिशवीतला तुकडा तिच्या पानावर ठेवला. ओंजळभर.

"आयला आवडायचं," तो बोलला.

सून खाली बघत होती. बाकीच्यांना काही ठाऊक नव्हतं. मेहुणा बोलला, "हो रे, चहात बुडवायची. माझा पोर बनवतो सांगायची सगळ्या गावाला."

माझा हात उचलला गेला होता. तो तुकडा पानावरनं बाजूला करावा, असं मनात आलं. वर्षभर ओठावर असलेलं वाक्य हातात उतरलं होतं. मी तो नुसता बाजूला सारला असता, तरी मुलाला सगळं ऐकू गेलं असतं. तू तिला काय खायला घातलंस. आणि ते त्याला जन्मभर ऐकू आलं असतं, पोतं ओतताना, कॅन ओतताना.

"दाजी, उचला," मेहुणा बोलला. "सोडलेलं खा आणि सुटा. पानं गार होतात."

पिवळं कणीस समोर होतं. तिचं नव्हतं ते. तिनं ते पहिलं मागितलं नसतं. मी हात पुढं नेला आणि तुकडा उचलला.

"अवो, मका खायचा हाय. बिस्किट काय उचलता?"

"हा पण मकाच हाय," मी बोललो.

मेहुण्याला वाटलं माझं डोकं फिरलं. "असू दे, असू दे," तो लोकांना बोलला. मुलानं आता माझ्याकडं बघितलं. मी तुकडा तोंडात टाकला आणि त्याच्याकडं बघत चावला. गोड होता. लय गोड होता. कोरडा, तोंडातलं सगळं पाणी त्यानं शोषून घेतलं आणि घशात बसला. ती बुडवून खायची ते बरोबर होतं. मी खोकायला लागलो.

"पाणी दे गो," मी सुनेला बोललो. पण मुलगा उठला होता. त्यानं तांब्या आणला आणि मी पिऊन होईपर्यंत हातात धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती. त्यानं मोटारसायकल दारातनं ढकलत बाहेर काढली. कारखाना सोडून तो जाणार कुठं, आजूबाजूला दुसरं काय आहे. "येतो बाबा," तो बोलला. मी बोललो, "ये." तो गेल्यावर सुनेनं माझ्या हातावर गोळी ठेवली.